भिंतीवरची अनारकुल

चोल्पोन येणार हे नक्की झालं त्याच दिवशी तुर्दाकुनने माळ्यावरून प्रोजेक्टर खाली काढला. बुरुल चुलीपाशी बोरसोक, पिठाचे फुगीर तुकडे, तळत होती. नवऱ्याच्या हातातली ती करड्या पत्र्याची पेटी दिसली तसा तिच्या हातातला झारा जागीच थांबला.

"ते कशाला काढलंत आता?"

"पोरीला दाखवायला."

"काय दाखवायचंय?"

"तिची आई."

 कढईतले बोरसोक काळे पडले तेव्हा कुठे बुरुलने झारा हलवला. मग जळके बोरसोक बाजूला काढत ती म्हणाली, "बघा बाई. तुमचं तुम्ही बघा."

अनारकुल त्यांची एकुलती एक लेक. लग्न करून दूर रशियात, ओम्स्कला गेली आणि तिथेच, चोल्पोन अजून धड चालायलाही लागली नव्हती तेव्हा, इस्पितळात गेली. ताप आला म्हणून नेली आणि परत आलीच नाही. काराकोलला, यांच्या गावी, तार पोचली ती उशिरा. भर हिवाळ्यात, गाड्या बदलत बदलत दोघं ओम्स्कला पोचली तेव्हा त्यांना दाखवायला मातीचा एक उंचवटा उरला होता, आणि त्यावरही बर्फ पडलेलं होतं. जावयाने पुढे दुसरं लग्न केलं, घर बदललं. बुरुलने नातीसाठी विणून पाठवलेले मोजे शिक्के खाऊन परत आले. त्यानंतर काहीच नाही. वर्षांमागून वर्षं गेली. आणि या शरद ऋतूत तुर्दाकुनच्या पुतण्याच्या फोनवर कुणा अनोळखी मुलीचा निरोप आला, 'मी अनारकुलची मुलगी. माझे आजी-आजोबा अजून आहेत का?'

आहेत का! बुरुल त्या दिवशी अंगणातल्या बाकावर बसून राहिली होती, गायीची धार काढायचं विसरून.

तुर्दाकुन गुरांचा डॉक्टर होता. तरुणपणी कुरणांवर हिंडताना त्याला कॅमेऱ्याचा नाद लागला. पगारातून कॅमेरा घेतला, मग प्रोजेक्टर घेतला. लोक हसायचे. मेंढ्यांना सुया टोचणारा माणूस सिनेमा काढतोय म्हणायचे. बरीचशी रिळं मेंढ्यांचीच होती, कबूल. पण एक रीळ अनारकुलचं होतं. ती सोळाची होती तेव्हाचं, उन्हाळी कुरणावरचं. त्या एका रिळात ती चालते, पळते, हसते, बोलते. आवाज मात्र नाही. त्या कॅमेऱ्यात आवाज यायचा नाही.

ती गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तुर्दाकुन रोज संध्याकाळी ते रीळ लावायचा. मधल्या खोलीतल्या जमिनीच्या फळीवर त्याने एक खूण केली होती. स्टूल बरोब्बर तिथे ठेवलं की भिंतीवर अनारकुल तिच्या खऱ्या उंचीची दिसायची. हाताने तिची उंची त्याने कधी मोजली नव्हती, पण ती दारातून आत यायची तेव्हा तिचं डोकं चौकटीच्या कोणत्या गाठीपर्यंत पोचायचं ते त्याला ठाऊक होतं. त्या गाठीशी भिंतीवरचं डोकं जुळलं तेव्हा त्याने खूण केली. प्रोजेक्टर सुरू झाला की बुरुल उठून स्वयंपाकघरात जायची. भांडी नसली तरी भांडी घासायची. तो तिला कधी बस म्हणाला नाही आणि तीही त्याला कधी पुरे म्हणाली नाही.

त्याच्याकडे जादा बल्ब होते, रशियासकट सगळा एकच देश होता त्या दिवसांत घेऊन ठेवलेले. पण देश फुटला, दुकानं ओस पडली आणि बल्ब एकामागून एक जळत गेले. शेवटचा गेला त्या संध्याकाळी त्याने प्रोजेक्टर चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. तिथून तो आता खाली आला होता.

यंत्र धडधाकट होतं. तेल घातलं तशी मोटार कुरकुरत फिरायला लागली. फक्त बल्ब नव्हता. तुर्दाकुनने आधी एका मोटारीच्या पुढच्या दिव्याचा बल्ब तारेने बांधून बघितला. भिंतीवर नुसता पिवळट फराटा उमटला, सांडलेल्या चहासारखा. मग पुतण्याने रशियातून टपालाने एक बल्ब मागवून दिला. खोकं उघडून त्याने तो कानाशी हलवला. आतली तार तुटून काचेवर किणकिणत होती. लेकराच्या खुळखुळ्यासारखा आवाज.

"बिश्केकला जाऊन येतो," तो म्हणाला.

"थंडी बघा किती आहे बाहेर. एवढ्याशा बल्बासाठी?"

"हो. एवढ्याशा बल्बासाठी."

बुरुलने त्याच्या पिशवीत मधाची बरणी आणि जर्दाळू घातले. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात उभं राहू नये म्हणून, एवढंच म्हणाली.

*

राजधानीत, बिश्केकच्या जुन्या बाजारात बर्फावर ताडपत्र्या पसरून माणसं बसली होती. पदकं, समोवार, बाहुल्यांची मुंडकी, नळाच्या तोट्या. इस्मार नावाचा एक दुंगान, म्हणजे चिनी मुसलमान, म्हातारा तिथे जुने कॅमेरे विकायचा. त्याने तुर्दाकुनच्या हातातला जळका बल्ब घेतला, आडवा धरला, उभा धरला आणि परत दिला.

"अके, तुम्हाला उशीर झाला. आपला देश बुडाला त्याच्या आधी यायला हवं होतं."

"तेव्हा माझ्याकडे होते की."

"हेच तर! होतं तेव्हा सगळ्यांकडेच होतं." इस्मार स्वतःशीच हसला. मग म्हणाला, "रीळ आहे ना? ते फोनमध्ये भरून घ्या. माझा भाचा करतो. परवा हातात. कसला बल्ब नि कसलं काय."

"फोनमध्ये केवढं दिसेल?"

"तुमचा फोन केवढा आहे?"

तुर्दाकुनने खिशातून बटणांचा फोन काढला. इस्मारने तो बघितला आणि मान हलवली.

"यात? यात तर माणसाची भुवईसुद्धा मावायची नाही, अके."

"मला तिला तिच्या उंचीची बघायचीय," तुर्दाकुन म्हणाला. कुणाला, ते बोलला नाही. इस्मारनेही विचारलं नाही. त्याने दोन्ही हात काखेत दाबले.

"एक बाई आहेत," मग तो म्हणाला. "जर्मन आहेत, इथल्याच. एम्मा गेन्रिखोव्ना. आमच्याकडचे असले बल्ब त्याच न्यायच्या. शेवटचा बल्ब मी त्यांनाच विकलाय. त्या तो देणार नाहीत, हे आधीच सांगतो. पण तुम्ही काराकोलहून आलाय, तर जाऊन तरी बघा. नाही म्हणाल्या तरी चहा देतील."

एम्मा गेन्रिखोव्ना तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून एक निळा डोळा दिसला.

"काय पाहिजे?"

"इस्मारने पाठवलं. बल्बासाठी आलोय."

"इस्मारला म्हणावं, मी अजून मेले नाही." दार मिटलं. मग साखळी निघाल्याचा आवाज झाला आणि दार पूर्ण उघडलं. "आत या. जिन्यात उभं राहून नाही म्हणायची मला सवय नाही. बूट काढा."

घर लहान होतं आणि फार गरम होतं. बाईंचे पाय सुजलेले, त्या भिंतीला धरून चालत. त्यांनी चहा ठेवला, मनुकांचा मुरांबा बशीत काढला. कोपऱ्यात विणलेल्या झाकणाखाली तोच प्रोजेक्टर उभा होता, तुर्दाकुनकडे होता तसाच, फक्त हिरवा.

"बल्ब मी देणार नाही," त्या चहा ओतत म्हणाल्या. "हे आधी झालेलं बरं. म्हणजे तुम्ही नीट चहा प्याल."

"बरं," तुर्दाकुन म्हणाला आणि त्याने मधाची बरणी टेबलावर ठेवली.

"लाच?"

"नाही. बायकोने दिलाय. रिकाम्या हाताने जाऊ नका म्हणाली."

बाई हसल्या. मग त्या स्वतःविषयी बोलायला लागल्या, एकटी माणसं बोलतात तशा, घाईघाईने. गिरणीत कामाला होत्या. गिरणीच्या सिनेमाच्या मंडळात कॅमेरा शिकल्या. नवरा पावेल शाळेत शिकवायचा. रिळांमध्ये सगळीकडे तोच, कारण कॅमेरा नेहमी बाईंच्या हातात. इथले सगळे जर्मन जर्मनीला निघून गेले, दोन्ही मुलीही गेल्या. या राहिल्या. पावेलची कबर इथे, मग जायचं कुठे? दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला एक रीळ लावतात. एकच. बल्ब पुरवून पुरवून वापरायचा.

"आणि तुम्हाला कशाला हवाय?"

तुर्दाकुनला लांबलचक सांगता यायचं नाही. त्याने सांगितलं ते चार वाक्यांत झालं. लेक होती. गेली. तिची मुलगी येतेय. तिने आईला कधी हललेलं बघितलं नाही.

"फोटो असतील ना?"

"आहेत. फोटोत ती गप्प उभी आहे. ती तशी कधी उभी राहायची नाही."

एम्मा गेन्रिखोव्नांनी बशीतला मुरांबा चमच्याने इकडचा तिकडे केला.  तुर्दाकुनने चहा संपवला, कप पालथा घातला आणि टोपी उचलली.

"येतो मी. चहा छान होता."

"बसा," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलींना त्यांचा बाप आठवतो. डोळे मिटले तरी दिसतो. मलाही दिसतो. त्या पोरीने डोळे मिटले तर तिला काय दिसणार? बसा म्हणते ना!" आणि मग हलक्या आवाजात, "पण मी एकदा बघेन. शेवटचं. माझे हात कापतात, रीळ तुम्ही चढवा. मग घेऊन जा."

खिडकीवर ब्लँकेट टांगलं. बाहेर दुपार होती, खाली पोरं बर्फात आरडाओरडा करत होती. तुर्दाकुनने रीळ चढवलं आणि कळ दाबली. पांढऱ्या कपाटावर एक उंच, काटकुळा माणूस उभा राहिला. सफरचंदाची रोपं लावत होता. मध्येच वळून कॅमेऱ्याला जीभ दाखवायचा. एम्मा गेन्रिखोव्ना खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. त्या त्याच्याशी बोलत होत्या, जर्मनमध्ये, पुटपुटत.

रीळ संपलं. "अजून एक," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या रिळात तळं गोठलं होतं आणि पावेल दोन मुलींना धरून बर्फावर घसरत होता. तुर्दाकुनचं लक्ष चित्राकडे नव्हतं. यंत्राच्या जाळीतून त्याला बल्ब दिसत होता. काचेला आतून काजळी धरल्यासारखी करडी छटा आलेली होती. ही छटा त्याच्या ओळखीची होती. एका हिवाळ्यात त्याने ती रोज बघितली होती. म्हातारा बैल गुडघ्यांवर बसायच्या आधी जसा दिसतो तसा दिसणारा तो बल्ब. आता त्यात फार उजेड उरला नव्हता.

"अजून एक?" बाईंनी विचारलं. या वेळी आवाजात हट्ट नव्हता. लहान मुलगी विचारते तसं त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या अंधारात ती सुजलेल्या पायांची म्हातारी हात मांडीवर घट्ट धरून बसली होती, आणि बल्ब अजून तिचाच होता. तुर्दाकुनने तिसरं रीळ चढवलं.

संपल्यावर दोघंही काच थंड व्हायची वाट बघत बसली. मग त्याने रुमालात धरून बल्ब हळूच काढला. बाईंनी कपाटातून लोकरीचा एक जाड मोजा आणला, पुरुषाच्या मापाचा, आणि बल्ब त्यात सरकवला. पैशांचं नाव काढायच्या आतच त्यांनी त्याला दाराकडे ढकलत नेलं.

"बघून झालं की कळवा मला. पोरगी रडली की हसली, ते सांगा."

सरोवराकाठच्या रस्त्याने गाडी काराकोलकडे निघाली, तेव्हा मोजा तुर्दाकुनच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. प्रत्येक खड्ड्याला तो छातीवर हात दाबून धरत होता. शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, छातीत दुखतंय का म्हणून.

*

चोल्पोन आली. जाड चष्मा, कापलेले केस, रशियन बोलणं. ओम्स्कमध्ये सगळे तिला पोल्या म्हणत. आजोबा-आजीसाठीचे 'चोन-अता', 'चोन-एने' हे दोन शब्द ती फोनवरून शिकून आली होती आणि चाखत चाखत वापरत होती. बुरुलने तिला दारात जवळ घेतलं, कपाळाचा वास घेतला, आणि स्वयंपाकघरात येऊन तुर्दाकुनला हळूच म्हणाली, "बापावर गेलीय. सगळीच्या सगळी बापावर."

"असू दे."

"असू दे तर काय! मी काय म्हणतेय?" पण तिने पदार्थांची ताटं अशी जोरात मांडली की तुर्दाकुनला समजलं. इतकी वर्षं दाराकडे डोळे लावून बसलेल्या बुरुलला दारातून आत येणारा अनारकुलचा चेहरा हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मधल्या खोलीच्या खिडक्यांवर लोकरीचे जाड नमदे टांगले. भिंतीला ताजा चुना दिला होता. फळीवरची खूण पुसट झाली होती, पण सापडली. मोज्यातून बल्ब काढून बसवताना म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही अशी घाई त्याला झाली होती.

"बुरुल, तू येतेस?"

"मला पीठ मळायचंय."

चोल्पोन चटईवर गुडघे मोडून बसली. कळ दाबली. बल्ब क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि लागला.

गवत. नुसतं गवत, वाऱ्यात वाकणारं. मग गवतापलीकडून एक मुलगी आली. एका हातात बादली, दुसरा हात तोल सांभाळायला बाजूला पसरलेला. जवळ आली, आणखी जवळ आली, आणि भिंतीवर पूर्ण उंचीची उभी राहिली.

"हीच?" चोल्पोनने विचारलं. आपणच विचारलं हे तिला कळलंही नसेल. ती उठली. भिंतीजवळ गेली, बाजूला, सावली पडणार नाही अशी. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. डोकी एका रेषेत आली. अनारकुलच्या झग्याचा उजेड चोल्पोनच्या बाहीवर हलत होता. तिने हात पुढे केला, तर तो बोटांवर आला.

"माझ्याएवढीच आहे," ती म्हणाली. "चोन-अता, ती माझ्याएवढीच आहे."

"तुझ्यापेक्षा लहान आहे गं. सोळाची."

भिंतीवरच्या अनारकुलने मान वर केली, सरळ खोलीत बघितलं आणि तोंड उघडून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय ती?"

तुर्दाकुनने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि यंत्रात बारीकसा आवाज झाला, टिचकी मारल्यासारखा. भिंत गेली. अनारकुल गेली. काळोख झाला.

मोटार मात्र फिरत होती. रीळ सरकत होतं. खटखट खटखट चालूच होती. तुर्दाकुनचा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. आत त्या खोक्यात, उजेडाविना, ती अजून चालतच होती. तिला थांबवायचं त्याच्या जिवावर आलं.

"काय म्हणाली ती?" अंधारात चोल्पोनचा आवाज आला. "काय म्हणत होती?"

त्याला आठवेना. एवढ्या वेळा बघितलं होतं. ती काय म्हणाली हे त्याला पाठ असायला हवं होतं. पण त्या दिवशी कुरणावर त्याचा एक डोळा कॅमेऱ्यात होता आणि दुसरा मिटलेला. कान कुठे होते देव जाणे.

"'बाबा, घोडी सुटली' म्हणतेय."

आवाज दारातून आला. बुरुल तिथे उभी होती. कधी येऊन उभी राहिली, कुणास ठाऊक.

"यांच्या मागे घोडी सुटली होती आणि यांचं आपलं चाललंय कॅमेरा, कॅमेरा. 'बाबा, घोडी सुटली, बाबा, मागे बघा की!' तेच म्हणत होती." ती जरा थांबली. यंत्र खटखटत होतं. बुरुलने जणू त्या आवाजावर कान धरला आणि पुढे सांगू लागली. "आता बादली खाली ठेवली. सांडलं थोडं दूध. झग्याला पुसला हात. आता पळाली, या बाजूने. एक बूट निघालाय पायातून, तो तसाच टाकून पळाली. आता कुणी नाहीये. गवत आहे नुसतं. यांनी कॅमेरा तसाच धरलाय."

 बरोबर होतं. अगदी बरोबर. रिळात इथे गवतच होतं.

"आता आली. घोडीच्या मानेत हात टाकून आली. हसतेय. पुढचा दात जरासा तिरका आहे तिचा, तो दिसतोय. वेणी सुटलीय. आता यांना हात करतेय, बंद करा, बंद करा म्हणतेय. मग मी येते. माझ्या हातात रुमाल आहे, तिच्या डोक्याला बांधायला. ती मान हलवते. बांधू देत नाही. बांधू देत नाही मेली. मी धरते तिला. आता... आता बांधला. बघ, आता माझ्याकडे बघते ती. एवढंच. मग संपतं."

आणि खरोखर रीळ संपलं. मोकळं टोक चाकावर फटफटायला लागलं. तुर्दाकुनने चाचपडत बटण बंद केलं.

"तू तर स्वयंपाकघरात असायचीस," तो म्हणाला.

"दाराच्या फटीतून दिसायचं," बुरुल म्हणाली. "रोज."

"मग आत का नाही यायचीस?"

"तुम्ही रडायचात. मी आत आले असते तर तुम्ही थांबला असतात."

कुणी नमदा काढला नाही. अंधारातच चोल्पोन उठली, भिंत चाचपत दारापर्यंत गेली आणि आजीच्या पिठाने भरलेल्या हातांत तिने तोंड घातलं. रडत होती की नाही, तुर्दाकुनला कळलं नाही. त्याला फक्त बुरुलचा आवाज ऐकू येत होता. इतकी वर्षं ज्या लेकीचं नाव तिने घरात काढलं नव्हतं, तिच्याविषयी ती बोलत होती. तिरक्या दाताविषयी, आंबट दह्याविषयी, सायकलवरून पडल्याविषयी. किर्गिझ अर्ध्याहून जास्त त्या पोरीला कळत नव्हतं. तिने एकदाही थांबवलं नाही.

*

निघायच्या दिवशी चोल्पोनने भीतभीत विचारलं. ओम्स्कमध्ये एक ठिकाण आहे, तिथे अशी रिळं नीट धुऊन फोनमध्ये घेऊन देतात. नेऊ का? काम झालं की परत पाठवते.

तुर्दाकुनने डबा हातात घेतला. पत्र्याचं झाकण उघडून वास घेतला, जरासा आंबट, शिर्क्यासारखा. रीळ म्हातारं झालं होतं. टपालाने आलेला बल्ब त्याने बघितला होता. बुरुलच्या मोज्यांचं काय झालं तेही त्याला आठवत होतं.

"परत पाठवू नको," तो म्हणाला. "वाटेत कुठे हरवेल. ठेव तुझ्याकडेच. तुझी आई आहे."

गाडी वळणापलीकडे गेली तशी त्याने अंगणात येऊन उगाचच लाकडं फोडली, पुरेशी असताना.

वसंतातल्या नवरोझच्या सणाच्या सुमारास पुतण्याच्या फोनवर ते आलं. चित्र स्वच्छ होतं, स्वच्छ म्हणजे किती, झग्यावरचे ठिपके मोजता यावेत. बुरुल तो फोन सोडेना. पुतण्याला शेवटी तिच्यासाठी एक जुना फोन आणून द्यावा लागला. ती कामं उरकून अंगणात बसायची आणि बघायची, ओठ हलवत, मनातल्या मनात सांगत. "या ना, बघा," असं नवऱ्यालाही म्हणायची. तुर्दाकुन यायचा, शेजारी बसायचा, बघायचा. तळहातात अनारकुल पळत होती, मुंगीएवढी. तो "छान आलंय" म्हणायचा. मग गोठ्यात जायचा. मधल्या खोलीतली भिंत पांढरीशुभ्र होती आणि तो शक्यतो त्या खोलीतून जाणं टाळायचा. बोलला मात्र कधी नाही. बुरुलचं तोंड इतक्या वर्षांनी उघडलं होतं, ते त्याला मिटवायचं नव्हतं.

एम्मा गेन्रिखोव्नांना मात्र त्याने कळवलं नव्हतं. उद्या करू, परवा करू, असं करत हिवाळा गेला. एके दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. तुर्दाकुनने इस्मारपाशी ठेवलेला नंबर मिळवला म्हणाल्या.

"मी एम्मा. मोजावाली. बघितलंत का?"

"बघितलं," तुर्दाकुन म्हणाला. "तुम्हाला कळवायचं राहून गेलं. माफ करा."

"पूर्ण बघितलंत?"

अंगणात बर्फ वितळून चिखल झाला होता. तुर्दाकुन चिखलाकडे बघत राहिला.

"शेवटपर्यंत बघितलं. पोरगी उठून भिंतीजवळ गेली. दोघी एकाच उंचीच्या निघाल्या. मग ती रडली. रीळ संपलं आणि मगच गेला बल्ब."

 पलीकडून लांब सोडलेला श्वास ऐकू आला.

"बरं झालं. बरं झालं बाबा. माझ्या मनाला खात होतं हो. ते तिसरं रीळ मी उगाच लावायला लावलं. तुमचं तोंड मला अंधारातही दिसत होतं त्या दिवशी. म्हटलं, मीच सगळा उजेड संपवला आणि पोरीला काही उरलं नसेल."

"छे. तिसरं रीळ तर सगळ्यात छान होतं. पावेल कसे हसत होते!"

"त्या रिळात तो हसत नाही," एम्मा गेन्रिखोव्ना म्हणाल्या. "आजारी होता तेव्हाचं ते. ते त्याचं शेवटचं."

 त्या दिवशी तुर्दाकुनने त्या माणसाकडे बघितलंच नव्हतं. त्याचे डोळे बल्बाकडे होते. तो फोन कानाशी धरून तसाच उभा राहिला. बाईंनीही फोन ठेवला नाही.

बुरुल गोठ्यातून बाहेर आली. नवऱ्याचा चेहरा तिने बघितला, हात झग्याला पुसले आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"एम्माबाई का?" ती तिच्या मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाली. "मी बुरुल. मध कसा लागला? आणि तुमचा माणूस कसा होता, ते मला सांगा. यांना काही सांगता येत नाही. हां, सांगा. मला वेळ आहे."

ती बाकावर बसली. मध्ये मध्ये "हो", "मग?", "अगं बाई" म्हणत राहिली. तुर्दाकुन आत गेला, चहाचं पाणी ठेवलं, आणि खिडकीतून तिच्याकडे बघत राहिला.